वनौषधी आणि विषाणू : परीक्षेची रीत

भाद्रपद शुद्ध तृतीयेच्या सकाळी गणेशपूजेसाठी पत्री गोळा करावयास आम्ही माळावर जातो. हा आमच्या घरचा अनेक पिढ्यांचा परिपाठ आहे. बीदरचा हा जांभ्या खडकाचा माळ उन्हाळ्यात अगदी उघडाबोडका दिसतो. पण श्रावणाच्या सरी पडून गेल्या की त्याच माळावर माका, आघाडा, दूर्वा, विष्णुक्रांता यांची दाटी होते. शेताच्या बांधावर बोर व रुई, आणि ओढ्याकाठी बेल व अर्जुन. पत्री खुडता खुडता तीर्थरूप प्रत्येक पानाचा गुण सांगत असतात. अमुक पान खोकल्यावर चालते, तमुक मूळ विंचवावर उगाळतात. अशा प्रकारे पूजेचा पाठ आणि औषधीचा पाठ आम्हांस एकाच वेळी मिळाला.

परंतु याच पत्रीत धोत्रा आहे, कण्हेर आहे, रुई आहे. ही तिन्ही पाने देवास चालतात. माणसाच्या पोटात गेल्यास प्राणावर बेततात. तेव्हा जे रानातून आले ते निरुपद्रवी, ही समजूत आपल्या पूर्वजांचीही नव्हती. ते पान ओळखून घेत, प्रमाण पाहून देत, आणि काय द्यावयाचे नाही हेही शिकवीत. प्रस्तुत लेखात या ओळखण्याच्याच विद्येचा विचार करावयाचा आहे. रानपाल्यात विषाणूस आवर घालणारे द्रव्य आहे की नाही, हे शास्त्रज्ञ कसे पारखतात, आणि त्या पारखीतून आपण गृहस्थाश्रमी माणसांनी काय घ्यावे, एवढाच या लेखाचा हेतू.

विषयाची निकड

हा विषय दूरचा नाही. कोविडने झालेला आपल्या देशातील पहिला नोंदलेला मृत्यू आपल्या शेजारच्या कलबुर्गी येथील एका ७६ वर्षांच्या गृहस्थांचा होता. ते १० मार्च २०२० रोजी वारले. त्यानंतरच्या महिन्यांत काढ्यांची भांडी घरोघर चुलीवर चढली. गुळवेल, तुळस, सुंठ, मिरी, ज्येष्ठमध, ज्याला जे सुचले ते त्यात पडले. त्या काढ्याने घसा शेकला, मनास धीर आला, यात शंका नाही. पण त्याने विषाणू मेला काय? या प्रश्नाचे उत्तर चुलीपाशी मिळत नाही.

विषाणू म्हणजे काय, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. जिवाणू हा स्वतंत्र जीव असतो. तो खातो, वाढतो, दुभागतो. विषाणूचे तसे नसते. आंब्यावरील बांडगूळ जसे झाडाच्याच रसावर पोसते, तसा विषाणू आपल्या शरीरातील पेशीत शिरून तिच्याच यंत्रणेकडून आपल्या प्रती तयार करवून घेतो. बांडगूळ मारण्यासाठी झाडाच्या मुळाशी विष ओतले तर बांडगूळ मरेल, पण आंबाही वाळेल. विषाणूवरील औषध शोधण्याची मुख्य अडचण हीच आहे. विषाणू अडला पाहिजे आणि पेशी जगली पाहिजे, ही दोन्ही कामे एकाच द्रव्याने साधावयाची असतात.

परीक्षेच्या पायऱ्या

पहिली पायरी म्हणजे वनस्पतीची निश्चित ओळख. आपण सीमाभागातील माणसे; आपल्याकडे एका झाडाला तीन नावे. आपली भुईआवळी कन्नडमध्ये नेलनेल्ली, तेलुगूमध्ये नेल उसिरि. आपली गुळवेल कन्नडमध्ये अमृतबळ्ळी, तेलुगूमध्ये तिप्पतीग. नावे तीन असून वस्तू एक असली तर चिंता नाही. पण कधी कधी नाव एक आणि वनस्पती दोन असतात. म्हणून शास्त्रज्ञ फूल-फळासह फांदी कागदात दाबून वाळवितात, तिच्यावर गाव, तारीख व शास्त्रीय नाव लिहितात, आणि तो नमुना जपून ठेवितात. पुढे कोणास शंका आली तर तोच नमुना साक्षीदार होतो. गुलबर्गा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील संशोधकांनी आपल्याच बीदर जिल्ह्यातील जाणत्या मंडळींकडून स्त्रियांच्या विकारांवरील आणि त्वचारोगांवरील झाडपाल्याची माहिती मिळवून ती २००७ व २००८ साली शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध केली, हे आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल.

दुसरी पायरी अर्काची. पाला सावलीत वाळवून त्याची पूड करितात. मग ती पाण्यात, मद्यार्कात व इतर द्रावकांत भिजवून अर्क काढितात. प्रत्येक द्रावकात निराळी द्रव्ये उतरतात. उष्णतेने काही द्रव्ये नष्टही होतात. चीन देशातील विदुषी तू योयो यांनी हिवतापावरील औषध शोधताना एका प्राचीन चिनी ग्रंथातील सूचना वाचली. त्यात वनस्पती उकळावयास सांगितली नव्हती. पाण्यात भिजवून पिळावयास सांगितली होती. त्यावरून त्यांनी कमी उष्णतेवर अर्क काढला आणि आर्टेमिसिनिन हाती आले. त्याबद्दल २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हिवताप विषाणूमुळे होत नाही, हे खरे. परंतु जुना ग्रंथ लक्षपूर्वक वाचावा आणि मग प्रयोगाने पडताळावा, ही रीत येथे उत्तम दिसते.

तिसरी पायरी प्रयोगशाळेतील. काचेच्या तबकडीत पेशींचा पातळ थर वाढवितात. या कामी पुष्कळदा व्हेरो नावाच्या पेशी वापरतात. त्या आफ्रिकेतील एका माकडाच्या मूत्रपिंडापासून जपानमध्ये १९६२ साली मिळविलेल्या आहेत. त्या थरावर विषाणू सोडला की जेथे पेशी मरतात तेथे बारीक डाग पडतात. अर्क घातल्यावर डाग किती कमी झाले ते मोजावयाचे. त्याच वेळी दुसऱ्या तबकडीत विषाणू न घालता नुसता अर्क घालून पेशी जगतात की नाही तेही पाहावयाचे. विषाणूस निम्म्यावर आणणारे अर्काचे प्रमाण आणि पेशींना निम्म्यावर आणणारे प्रमाण यांत जितके अंतर जास्त, तितका तो अर्क आशादायक. अंतर नसेल तर त्या अर्कास औषध म्हणता येत नाही, मग डाग कितीही कमी होवोत. तुरट पाल्यातील टॅनिन द्रव्ये तर प्रथिनांस सरसकट चिकटतात. त्यामुळे तबकडीत विषाणू हतबल दिसतो. पण ती पोटात गेल्यावर अन्नातील प्रथिनांनाही तशीच चिकटतात, आणि रक्तापर्यंत फारशी पोहोचत नाहीत.

आपल्या देशात अशी परीक्षा मोठ्या प्रमाणावर प्रथम लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने हाती घेतली. ही संस्था १९५१ साली छत्तर मंझिल या जुन्या नबाबी वाड्यात सुरू झाली. तेथील शास्त्रज्ञांनी शेकडो भारतीय वनस्पतींचे मद्यार्कयुक्त अर्क काढून ते नाना रोगांसाठी तपासले, आणि १९६८ सालापासून त्यांचे निष्कर्ष क्रमाक्रमाने प्रसिद्ध केले. विषाणूंपैकी त्यांनी देवीच्या लशीतील विषाणू आणि कोंबड्यांच्या राणीखेत रोगाचा विषाणू परीक्षेसाठी घेतले होते. आपल्याकडे ज्या रोगास मानमोडी म्हणतात, तोच हा राणीखेत.

चौथी पायरी प्राण्यांवरील प्रयोगाची, आणि पाचवी, सर्वांत अवघड, माणसांवरील परीक्षेची. तिची रीत अशी : रोग्यांचे दोन गट करावयाचे, एकास औषध, दुसऱ्यास तशीच दिसणारी पण औषध नसलेली पूड. कोणास काय मिळाले हे रोग्यासही ठाऊक नसावे आणि तपासणाऱ्यासही नसावे. हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर भुईआवळीच्या कथेत आहे.

भुईआवळीची कथा

भुईआवळी ही वीतभर उंचीची वनस्पती. पावसाळ्यात तूर-उडदाच्या शेतात तण म्हणून उगवते. पानांच्या खालच्या अंगास मोहरीएवढ्या आवळ्यांची ओळ असते, म्हणून हे नाव. काविळीवर तिचा रस ताकातून अथवा दुधातून देण्याची चाल आपल्याकडे सर्वत्र आहे.

अमेरिकेतील शास्त्रज्ञ बारूक ब्लूमबर्ग यांनी ‘ब’ प्रकारच्या काविळीच्या विषाणूची खूण रक्तात शोधून काढली आणि १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू रक्तावाटे, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईपासून बाळास जातो. पुष्कळांच्या शरीरात तो वर्षानुवर्षे मुक्काम करितो आणि हळूहळू यकृत कठीण करून टाकतो. ब्लूमबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील काविळीवरच्या वनस्पतींकडे लक्ष वळविले. १९८७ साली त्यांनी दाखवून दिले की भुईआवळीचा अर्क या विषाणूच्या एका आवश्यक विकरास अडवितो. वुडचक नावाच्या, खारीच्या कुळातील प्राण्यास याच जातीचा विषाणू होतो. त्यांच्यापैकी काहींवरही गुण दिसला. १९८८ साली मद्रास येथे त्यागराजन यांनी ब्लूमबर्ग यांच्यासह माणसांवरील परीक्षेचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. तीस दिवस भुईआवळीची पूड घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली होती. नुसती पूड घेतलेल्या २३ जणांपैकी केवळ एकाची. जगभर आनंद झाला. आपल्या बांधावरचे तण जगाचे औषध होणार, असे वाटू लागले.

परंतु शास्त्रात एका साक्षीवर निकाल होत नाही. १९९० साली थायलंडमधून आणि १९९४ साली न्यूझीलंडमधून अशाच परीक्षांचे निष्कर्ष आले. दोन्ही ठिकाणी भुईआवळीने विषाणू गेला नाही. २०११ साली अशा सर्व परीक्षांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हाही खात्रीलायक पुरावा मिळाला नाही.

असे का झाले असावे? पहिली परीक्षा लहान होती. लहान परीक्षेत योगायोगास वाव अधिक. शिवाय ओळखीचाही गोंधळ होता. प्रारंभी जिला फायलँथस निरुरी म्हटले, ती पुढे फायलँथस अमारस ठरली. खरी निरुरी मूळची अमेरिका खंडातील. आपल्या शेतांतही भुईआवळीच्या एकाहून अधिक बहिणी उगवतात. एकीची फळे गुळगुळीत व देठावर लोंबणारी, तर दुसरीची खरबरीत व जवळजवळ बिनदेठाची. गावातील माणूस दोहींस भुईआवळीच म्हणतो. जमीन, ऋतू व खुडण्याची वेळ यांनीही द्रव्यांचे प्रमाण बदलते. ही कारणे काही असोत. आज ‘ब’ काविळीवर भुईआवळीस औषध म्हणता येत नाही, हा निष्कर्ष कायम राहतो.

मग गावोगावी काविळीचे रोगी या रसाने बरे झाले, ते खोटे काय? बरे झाले हे खोटे नव्हे. रसाने झाले हे सिद्ध नाही. काविळीचे विषाणू अनेक आहेत. दूषित पाण्यातून येणाऱ्या ‘अ’ आणि ‘ई’ प्रकारच्या काविळी बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. दिल्लीस १९५५-५६ साली यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे २९,००० लोकांस कावीळ झाली. ती ‘ई’ प्रकारची होती, हे पुढे कळले. तीही बहुसंख्यांची विश्रांतीने बरी झाली. मात्र गर्भवती स्त्रियांस ही ‘ई’ कावीळ घातक ठरते. आपोआप ओसरणाऱ्या रोगात जो काही पाला द्यावा, त्याला यश येतेच. दुसरा गट ठेवण्याचा खटाटोप याचसाठी असतो.

घरची गोष्ट

येथे एक घरची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. माझ्या मावशीच्या यजमानांस कावीळ झाली. भुईआवळीच्या रसाने ते तीन आठवड्यांत उठून कामास लागले. तेव्हापासून आमच्या घरात त्या पाल्यावर कोणी शंका घेईनासे झाले. पुढे माझ्या आतेभावास रक्तदानाच्या वेळी रक्तात ‘ब’ विषाणू असल्याचे कळले. त्यांना काहीच त्रास होत नव्हता. म्हणून तेही निश्चिंत आणि आम्हीही. दीड वर्ष ते दर रविवारी भुईआवळीचा रस घेत. तो पाला मीच बांधावरून आणून देत असे, आणि काही पुण्यकर्म करीत असल्यासारखे मला वाटे. एके दिवशी त्यांचे पोट फुगले, पायांवर सूज आली. इस्पितळात यकृत कठीण झाल्याचे निदान झाले. आता ते रोज गोळी घेतात, विषाणू आवरलेला आहे, संसार चालू आहे. परंतु गेलेले यकृत पुरते परत येत नाही.

एकदा मी भेटावयास गेलो असता ते शांतपणे म्हणाले, “पाला देत होतास, त्याच वेळी एकदा डॉक्टरला दाखव म्हणाला असतास, तर?” मी काय उत्तर देणार? पाल्याने त्यांचे काही बिघडविले असे नाही. पाल्यावर विसंबून आम्ही जो काळ दवडला, त्याने बिघडले. हा लेख लिहावयास मी बसलो तो त्या प्रश्नामुळे.

गुळवेल आणि ज्येष्ठमध

दुसरे उदाहरण गुळवेलीचे. कोविडच्या काळात ती घरोघर घेतली गेली. मुंबईच्या काही डॉक्टरांनी २०२१ साली सहा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्या सर्वांनी गुळवेल घेतली होती आणि त्यांच्या यकृतास इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की त्या रोग्यांनी घेतलेली वेल खरोखर गुळवेलच होती याची शहानिशा झालेली नाही. तशीच दिसणारी दुसरी जात असू शकेल. वाचकांनी येथे पक्ष घेण्यापेक्षा बोध घ्यावा. दोन्ही पक्षांचे म्हणणे शेवटी एकाच प्रश्नावर येऊन ठेपते : घेतलेली वनस्पती कोणती, किती आणि किती दिवस?

ज्येष्ठमधातील गोड द्रव्य तबकडीतील विषाणूंना अडविते, हे १९७९ साली प्रसिद्ध झाले. २००३ साली सार्स रोगाच्या विषाणूवरही जर्मनीत तसेच दिसले. पण त्यास प्रमाण बरेच लागते, आणि ज्येष्ठमध फार दिवस फार घेतल्यास रक्तदाब वाढतो. तबकडीतील यश आणि घरातील औषध यांमध्ये केवढे अंतर असते, ते यावरून कळावे.

म्हणून वनस्पतींत काही नाहीच, असेही नव्हे. हिमालयातील पोडोफायलमपासून मिळणारे द्रव्य विषाणूमुळे होणाऱ्या एका प्रकारच्या चामखिळीवर वरून लावण्यास जगभर वापरतात. अडुळशातील द्रव्यावरून कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन हे औषध बनविले गेले. रान रिते नाही. मात्र त्यातील धन पारखूनच घ्यावे लागते.

ज्ञानाचा मालक कोण?

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे दाखले देऊन ते १९९७ साली रद्द करविले. जे लिहून ठेवलेले होते त्याच्या बळावर हा विजय मिळाला. आपल्या वाड्यावस्त्यांवरील जाणत्यांचे ज्ञान बहुतांशी मुखोद्गत आहे. ते त्यांच्याबरोबरच जाते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. तीत मराठी, कन्नड, तेलुगू नावांसह आपल्या गावच्या वनस्पती आणि त्यांचे उपयोग, सांगणाऱ्याच्या संमतीने, नोंदविता येतात. आपल्या मंदिर-परिवारातील शिकलेल्या मुलामुलींनी या कामी हात लावावा.

चरकाचार्यांनी म्हटले आहे की औषधींची नावे आणि रूपे शेळ्यामेंढ्यांचे व गाईंचे राखणदार आणि वनवासी लोक जाणतात. परंतु एवढ्याने औषधीचे सारे ज्ञान होत नाही, तिची योजना जाणणारा तो वैद्य. रानातील जाणता आणि योजना जाणणारा, दोघेही लागतात. प्रयोगशाळा ही त्या दुसऱ्या कामाचीच आजची पायरी आहे.

घरात पाळावयाच्या गोष्टी

डोळे अगर लघवी पिवळी दिसल्यास प्रथम रक्त तपासावे. कोणत्या प्रकारची कावीळ ते कळल्यावाचून पाला देऊ नये. घरात गर्भवती स्त्री असेल तर एक दिवसाचाही विलंब करू नये. नवजात बालकास ‘ब’ काविळीची लस जन्मापासून २४ तासांच्या आत टोचवून घ्यावी. कारण जन्मतः लागण झालेल्या बालकांपैकी सुमारे नव्वद टक्क्यांत तो विषाणू कायमचा राहतो. ‘ब’ विषाणू आढळलेल्याने त्रास नसला तरी नियमित तपासणी सोडू नये. २०१८ सालच्या राष्ट्रीय कार्यक्रमान्वये त्याची तपासणी व औषधे सरकारी इस्पितळांतून विनामूल्य देण्याची योजना आहे. कोणताही काढा चालू असल्यास तो डॉक्टरांपासून लपवू नये.

मुलांनी सायंकाळी वडील मंडळींसमोर उत्तरे द्यावीत असे तीन प्रश्न शेवटी देतो. विषाणू अडला आणि पेशीही मेली, तर त्या अर्कास औषध का म्हणू नये? एका गटास औषध नसलेली पूड का देतात? आणि आपल्या शेताच्या बांधावरील भुईआवळीची फळे गुळगुळीत आहेत की खरबरीत? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात मिळणार नाही. त्यासाठी बांधावरच जावे लागेल. तेथे वाकून पाहावे, नाव लिहून घ्यावे, आणि खुडण्याची घाई करू नये.